वीतभराचं अंतर

“आलं का?” जॅकवेलच्या शिडीवरून मी फोनमध्ये ओरडले.

“कुठलं काय! नुसत्या मुंग्या दिसतायत,” नदीच्या पलीकडच्या घाटावरून नियाज म्हणाला.

जॅकवेल म्हणजे नदीच्या काठावरची, गावाला पाणी उपसून देणारी उंच गोल विहीर. पुराच्या पाण्यावर लक्ष ठेवायला ग्रामपंचायतीनं कधीकाळी तिच्या माथ्यावर एक कॅमेरा बसवला होता. आता त्याच्या पत्र्याच्या टोपणाखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं आणि केबलीच्या टोकाची पिन हिरवीगार गंजली होती. मी तेवढा तुकडा कापून टाकला, आतली तांब्याची तार चकाकेपर्यंत खरवडली, नवी पिन चढवली आणि ती एन्कोडरमध्ये खोचली. हा एन्कोडर म्हणजे एक चपटा डबा. जुन्या कॅमेऱ्याला नेटवर्क कळत नाही आणि नेटवर्कला जुना कॅमेरा कळत नाही. त्या दोघांच्या मध्ये बसून हा डबा दुभाषाचं काम करतो. तिथून पुढं छोट्या अँटेनानं चित्र नदी ओलांडून घाटावरच्या मांडवात जाणार होतं.

“आता?”

एकदम घाटावर कालवा उठला. चारपाचशे माणसांचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला, त्याच्या पाठोपाठ फोनमध्ये नियाजचा.

“लताताई, आलं! सगळी नदी दिसतीय! लोक स्क्रीनवर स्वतःलाच हात करायला लागलेत!”

मी शिडीवर उभ्या उभ्याच हात उंचावून ओरडले. खालून नेमकी एक होडी चालली होती. सुकाणूवर माझी नणंद त्रिशला बसली होती.

“वहिनी, पडशील की गं!” ती खालून ओरडली.

“तू पुढं बघ! होडी माझ्याच विहिरीवर घालशील!”

बरीच वर्षं झाली या गोष्टीला, पण ती सकाळ अजून माझ्या अंगात आहे. त्याच्या दोन वर्षं आधी माझे यजमान, भरतेश, गेले. त्यांचं कॅमेरे बसवण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. हिशेब बघता बघता आणि त्यांच्या हाताखाली वायरी धरता धरता मला काम येत गेलं होतं, तेच मी पुढं चालवलं. त्रिशला दूध सोसायटीत फॅट तपासायची आणि संध्याकाळी दुकानात बसायची. कामं मिळत होती, पण बहुतेक ओळखीतली. खोलेवाडीच्या शर्यत कमिटीचे अध्यक्ष भूपालअण्णा चौगुले यजमानांचे चुलतचुलते. त्या श्रावणात पूर ओसरल्यावर होड्यांच्या शर्यती ठरल्या, तेव्हा त्यांनी गावातले चार जुने कॅमेरे नेटवर्कला जोडून मोठ्या पडद्यावर दाखवायचं काम मला दिलं. अंतिम रेषेसाठी घाटावर एक नवाकोरा कॅमेरा बसवायचं काम मिरजेच्या नियाज शिकलगारला दिलं. नियाज माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान, हुशार आणि बडबड्या. पहिल्याच दिवशी माझे कॅमेरे बघून तो म्हणाला होता, “ताई, हे म्युझियमला द्यायचे सोडून नेटवर्कला कशाला देताय?” आणि तरीही अँटेनाची दिशा जुळवायला अर्धा दिवस माझ्याबरोबर उन्हात उभा राहिला होता.

त्या वर्षी पहिल्यांदाच शर्यतीत बायकांची होडी उतरणार होती. त्रिशलाचं डोकं. दूध घालायला येणाऱ्या बायकांमधून तिनं आठजणी गोळा केल्या. होडी नव्हती, ती मुरारी आंबीनं दिली. मुरारीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवण्याचा धंदा, आणि त्याच्या संघानं शर्यतीची ढाल कित्येक वर्षं सलग जिंकलेली. त्यांनी नवी होडी बांधली होती, म्हणून जुनी पडून होती. देताना तो म्हणाला, “घ्या की. बुडू नका म्हणजे झालं.” वेगळी शर्यत घ्यायला बायकांचा दुसरा संघ नव्हता, म्हणून त्यांना पुरुषांच्याच शर्यतीत सोडलं होतं. गावात पैजा लागल्या होत्या, पण त्या एवढ्यापुरत्याच, की पहिली होडी घाटाला लागेल तेव्हा बायका पुलाच्या अलीकडं असतील की पलीकडं.

शर्यत दुपारी सुटली. घाटापासून वर पुलापर्यंत जायचं, तिथं बांधलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. घाटावर एक झेंड्याची काठी होती. ती काठी आणि समोरची जॅकवेल यांना जोडणारी सरळ रेघ हीच अंतिम रेषा.

मांडवात मी आणि नियाज दोन लॅपटॉप घेऊन बसलो होतो. माझं काम एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायचं. होड्या सुटल्या तेव्हा देवळाच्या कॅमेऱ्यातून दाखवल्या. पुढं गेल्या तशी मी पुलावरचा कॅमेरा लावला. चित्र जुनं, जरा फिकट, पण सलग. पिंपाला वळसा घालताना दोन होड्या एकमेकींत अडकल्या आणि घाटावर हशा पिकला. त्या अडकलेल्यांच्या बाजूनं एक होडी सुळकन बाहेर आली. सुकाणूवर लाल रुमाल बांधलेलं डोकं.

“त्रिशला!” मी ओरडले. “नियाज, आपली त्रिशला!”

“दुसऱ्या नंबरला आल्यात ताई! पुढं फक्त मुरारी!”

लोक उभे राहिले. दहा मिनिटांपूर्वी हसणारे लोक आता पायऱ्यांवरून खाली पाण्यात उतरत होते. प्रवाह आता त्यांच्या बाजूनं होता आणि आठजणींची वल्ही एका ठेक्यात पडत होती. त्रिशला ठेका देत होती, तो आवाज कॅमेऱ्यात येत नव्हता, पण तिचं तोंड उघडताना दिसायचं आणि त्याच क्षणी आठ वल्ही पाण्यात जायची. मुरारीनं एकदा मागं वळून बघितलं. ते चित्र मोठ्या पडद्यावर गेलं आणि घाट नुसता दणाणला.

शेवटच्या पट्ट्यात मी जॅकवेलचा कॅमेरा लावला. दोन्ही होड्या बरोबरीनं आल्या. एकीचं टोक पुढं, मग दुसरीचं, परत पहिलीचं. माझा हात लॅपटॉपवर होता की नियाजच्या मनगटावर, मला आठवत नाही. त्यानं नंतर मनगटावरचे माझ्या नखांचे वळ दाखवले.

दोन्ही होड्या रेषेतून गेल्या.

पंचांनी निशाण लगेच उचललं नाही. त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा व्यासपीठाकडं बघितलं. मग पांढरं निशाण वर केलं. पांढरं म्हणजे बायकांची होडी.

काय झालं ते सांगता येत नाही. हलगी सुरू झाली. गुलाल उडाला. ज्या म्हाताऱ्या एरवी घाटाच्या पायऱ्या उतरत नाहीत त्या पदर खोचून पाण्यात शिरल्या आणि होडीला मिठ्या मारायला लागल्या. मी रडत होते आणि हसत होते.

पाचेक मिनिटांत वेगळा आवाज यायला लागला.

“आम्ही पुढं होतो!” मुरारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता. “डोळे हायेत का न्हाईत पंचाला? खैरात वाटाय लागलायसा काय?”

त्याची माणसं वर आली, तशी पंचांभोवती गर्दी झाली. कुणीतरी म्हणालं, कॅमेरा कशाला लावलाय मग, बघा की त्यात. सगळे मांडवात घुसले.

नियाजनं त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र पुढंमागं केलं. काय स्वच्छ चित्र! होडीवरच्या रंगाचे पापुद्रेसुद्धा दिसत होते. एका चित्रात दोन्ही होड्या रेषेच्या जरा अलीकडं होत्या आणि बायकांचं टोक पुढं होतं. त्याच्या पुढच्या चित्रात दोन्ही होड्या रेषेच्या पलीकडं होत्या आणि मुरारीचं टोक पुढं होतं.

“बघा, बायका पुढं!” एक गट ओरडला.

“बघा, आम्ही पुढं!” दुसरा ओरडला.

“नेमका रेषेवरचा क्षण कुठंय?” मुरारीनं विचारलं.

नियाजनं कपाळावर हात मारला. “तो दोन्हीच्या मध्ये गेला, दादा. नेट दुबळं होतं, म्हणून मी सेकंदाला बाराच चित्रं ठेवली होती.”

“म्हणजे सापडायचा न्हाई?”

“ह्यात नाही.”

मुरारी माझ्याकडं न बघताच बाहेर पडला. जाताना त्याचा एक माणूस मोठ्यानं म्हणाला, “बायकांस्नी ढाल दिली की फोटो चांगला येतोय पेपरात. चला.”

गर्दी पांगली, तेवढ्यात त्रिशला आली. कपडे चिंब, तळहातांना फोड आलेले, चेहऱ्यावर गुलाल आणि पाण्याचे ओघळ. दहाच मिनिटांपूर्वी मी तिला आनंदानं नाचताना बघितलं होतं. आता ती तशी नव्हती.

“वहिनी, खरं काय ते सांग.”

“पंचांनी दिलंय की निशाण.”

“पंचांचं नको सांगू. मी टोकाला नव्हते बसलेली, मला दिसलं नाही. पण सगळे म्हणायला लागलेत की आम्हाला दिली. दिली, म्हणे! चार महिने हातांची सालपटं काढली ती काय कुणी द्यायला?” तिनं माझ्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. “तुझा तो जॅकवेलवरचा कॅमेरा नेमका रेषेवर आहे ना? त्यात बघ.”

“तो जुना आहे गं. चित्र फिकट येतं.”

“फिकट असू दे. आहे ते सांग. मी बाहेर पोरींजवळ थांबते.”

मी जॅकवेलचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात सेकंदाला पंचवीस चित्रं होती, म्हणजे नियाजपेक्षा दुप्पट. पण नेमक्या हव्या त्या चित्रात होड्यांची टोकं फाटल्यासारखी दिसत होती. प्रत्येक टोकाला फणीसारखे दात, आणि एकाच होडीची दोन टोकं, एक जरा मागं, एक जरा पुढं.

“बिघडलंय,” मी म्हणाले. “हे दात घालवायची सोय आहे एन्कोडरमध्ये, पण सकाळच्या गडबडीत ती चालू करायची राहिली.”

नियाज पुढं वाकला. मग खुर्चीतून उठलाच.

“ताई, चालू नाही केलीत ते लई बरं झालं! जुना कॅमेरा एक चित्र एका दमात काढत नाही. आधी एक सोडून एक रेघ काढतो, मग मधल्या रेघा भरतो. आपल्याला दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून दात.”

ते मला माहीत होतं. भरतेशनी मला टीव्हीसमोर बसवून शिकवलं होतं. पण त्याचा अर्थ त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख पडला.

“म्हणजे हे एक चित्र नाही,” मी म्हणाले. “ही दोन आहेत! दोन वेगळ्या क्षणांची!”

“रेघा वेगळ्या करा! विषम एकीकडं, सम एकीकडं!”

आम्ही दोघं लॅपटॉपवर तुटून पडलो. त्याच्याकडं रेघा वेगळ्या करणारा प्रोग्रॅम होता, तो माझ्या लॅपटॉपवर चालेना. मग मी रेकॉर्डिंग त्याच्याकडं टाकलं. तो “चल, चल, चल” म्हणत पडद्यावरची हिरवी पट्टी पुढं सरकायची वाट बघत होता. मी उभ्या उभ्या पाय आपटत होते. बाहेर हलगी चालूच होती.

पट्टी भरली. पहिला भाग उघडला. दात गेले होते. पातळ, पुसट, पण एकच टोक प्रत्येक होडीला. दोन्ही होड्या रेषेला अजून लागल्या नव्हत्या.

“पुढचा,” मी म्हणाले.

त्यानं बटण दाबलं.

चित्रात एका होडीचं टोक झेंड्याच्या काठीच्या रेघेला अगदी टेकलं होतं. दुसरीचं मागं होतं. किती मागं? मी पडद्याला हाताचा पंजा लावला, मग होडीच्या टोकावरच्या लोखंडी पट्टीशी अंतर ताडून बघितलं. त्रिशलाच्या होडीवरची ती पट्टी मी आधी हात लावून बघितली होती, केवढी ते माहीत होतं. वीतभर अंतर.

टेकलेलं टोक मुरारीचं होतं.

आम्ही तो क्षण परत बघितला. होडी एका वेगानं जात नाही, वल्हं पाण्यात पडलं की झेपावते आणि वल्हं निघालं की दमते. त्रिशलाची होडी दमताना मुरारीची झेपावली होती. एका वल्ह्याचा फरक.

“कळलं का काही?”

मागं भूपालअण्णा उभे होते. फेटा, खांद्यावर उपरणं, हातात बक्षीस समारंभाचा हार. त्यांनी पडद्याकडं बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

“बंद कर ते,” ते हळू म्हणाले. “ढाल द्यायचीय आता.”

“अण्णा, मुरारीची होडी पुढं आहे.”

“वीतभरानं काय होतंय? अगं, पंचांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाच कळलं नव्हतं. मीच मान हलवली. म्हटलं, बायका पहिल्यांदाच उतरल्यात, मिळू दे की. आपल्याच लेकीसुना.” त्यांचा आवाज खरंच मायेचा होता. “तुला काम दिलं तेव्हा कमिटी काय म्हणत होती ठाऊक हाय? तिला कुठं जमतंय, म्हणाले. मी म्हटलं, भरतेशच्या माघारी बिचारी एकटी, आपण नाही बघायचं तर कुणी? जमू दे न जमू दे, देऊन टाका. तसंच हे. कुणाचं काय वाईट झालं का ह्यात?”

सकाळपासून मी त्या शिडीवर चढत होते, केबली सोलत होते, चार मेलेले कॅमेरे जिवंत केले होते, आणि मला वाटत होतं, काम मिळालं ते मला काम येतं म्हणून.

“अण्णा,” मी म्हणाले, “तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. पण हे मला त्रिशलाला सांगायला पाहिजे. तिनं विचारलंय.”

“ऐक माझं—”

मी ऐकलं नाही. मी बाहेर गेले. त्रिशला तिच्या आठजणींबरोबर ओल्या पायरीवर बसली होती. मला बघून सगळ्या उभ्या राहिल्या.

“हरलात,” मी म्हणाले. दुसरं कसं सांगावं ते मला सुचलं नाही.

तिचे डोळे माझ्यावर खिळले. “किती?”

“वीतभर.”

“वीतभर?”

“एवढं.” मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं माझा हात धरला, तसाच ताणलेला, आणि बाकीच्यांना दाखवला.

“एवढंच! अगं ए, मुरारी आंबीच्या मागं आपण एवढंच! त्याच्याच जुन्या होडीत!” आणि ती किंचाळली, आनंदानं, उड्या मारत. “वीतभर गं! वीतभर!”

आठच्या आठजणी ओरडायला लागल्या. एकमेकींना बोटं ताणून दाखवत होत्या. निशाण वर गेलं तेव्हासुद्धा त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. लोकांना वाटलं, अजून काहीतरी जिंकल्या.

“वहिनी, ते चित्र मोठ्या पडद्यावर लाव,” त्रिशला म्हणाली. “सगळ्यांना बघू दे.”

मी आत गेले. अण्णा खुर्चीवर बसले होते, हार मांडीवर. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही अडवलं नाही. नियाजनं केबल माझ्या हातात दिली. घाटावरच्या मोठ्या पडद्यावर ते पुसट चित्र आलं, काठी, दोन टोकं, आणि मधली वीत. माईक त्रिशलानं घेतला.

“ढाल मुरारीदादांची आहे,” ती म्हणाली. “आम्ही दुसऱ्या. मोजून दुसऱ्या.”

मुरारी वर आला. ढाल घेतली, पण उचलून नाचला नाही. पडद्यासमोर उभा राहून बघत राहिला. “माझीच होडी,” तो स्वतःशी म्हणाला. “आन् वीतभर?”

चारपाच दिवसांनी तो दुकानात आला. त्याला ते सगळं रेकॉर्डिंग पाहिजे होतं, पिंपापासून घाटापर्यंतचं. त्रिशला गल्ल्यावर होती.

“कशाला?” तिनं विचारलं.

“तुम्ही वळशानंतर माझ्याजवळ कशा आला, ते बघायचं हाय.”

“वहिनी, देऊ नको ह्यांना.”

“आगं, होडी कुणी दिली तुला?”

“परत घ्या की! नवी बांधालोय आम्ही.”

दोघांचं चाललं असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. खाली नदीकाठच्या कुठल्या तरी गावाहून एकजण बोलत होते. त्यांना ना भरतेश माहीत होते, ना अण्णा.

“रेषेवरचं चित्र काढून दाखवणाऱ्या बाई तुम्हीच का? आमच्या शर्यती पुढल्या महिन्यात आहेत. आमच्याकडंही सगळे जुनेच कॅमेरे आहेत. जोडून मिळतील?”

“बघून सांगते. बहुतेक मिळतील.”

“आणि एक. आमच्या गावची होडी हरली तरी चालेल, पण निकाल जसा असेल तसाच लागला पाहिजे. कुणाच्या सांगण्यावरून बदलायचा नाही. येता?”

“येते,” मी म्हणाले. माझा आवाज जरा मोठाच निघाला असणार, कारण ते दोघं भांडायचे थांबले.

“वहिनी,” त्रिशलानं काउंटरवरून पुढं झुकून विचारलं, “विचार त्यांना, बायकांची होडी घेतात का?”

मी विचारलं. पलीकडं ते हसले. “त्या वीतभरवाल्या येणार असतील, तर आमच्या पोरांना आजपासूनच पाण्यात उतरायला सांगतो.”

मी फोन ठेवला आणि तिला सांगायला वळले. ती चपला पायात सरकवून केव्हाच नदीच्या वाटेला लागली होती.